कानशिलावर ऐकू येणारा धोका

सिकलसेल असलेल्या लेकराच्या कानशिलावर जेल लावून डॉपलरचा प्रोब टेकवला की मेंदूकडे जाणारं रक्त 'हुश्श-हुश्श' ऐकू येतं. ना सुई, ना भूल. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त भरला, तर पक्षाघाताचा मोठा धोका. मग दर महिन्याला रक्त चढवायचं, पण त्यासोबत शरीरात लोहही साचत जातं.

म्हणून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली 'ट्विच' चाचणी मला फार आवडते. किमान वर्षभर रक्त चढवलेल्या, रक्तवाहिन्या फार न बिघडलेल्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया दिलं. वेग रक्त चढवण्याइतकाच आटोक्यात राहिला. रोजची साधी कॅप्सूल! ती गर्भातल्या बाळाचं असतं तसं हिमोग्लोबिन वाढवते. रक्तातल्या पेशी मात्र वरचेवर मोजाव्या लागतात.

गडचिरोली-नंदुरबारकडच्या आईबाबांनो, सिकलसेल असलेलं मूल दोन वर्षांचं झालं की डॉक्टरांना या डॉपलरबद्दल विचाराच.