गोठ्यात आधी काय आणावं?

दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बारामती-इंदापूरच्या गोठ्यांतला चारा बदलतो. ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या मिळू लागतात. टोळीतल्या बाया त्या बांधून विकतात, तेवढीच त्यांची वरकमाई. दारात चार-पाच संकरित गाई असलेल्या घराला मग उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चाऱ्याची चिंता राहत नाही. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रोज दुधावाटे कॅल्शियम देणारी गाय आतून पोकळ होत जाते. वाढी कितीही बारीक कापली तरी त्यातलं ऑक्झलेट कमी होत नाही. यंत्र चारा कापतं, सुधारत नाही. त्यासाठी वाढ्यांत मका, घास, कडबा मिसळावा लागतो आणि वर खनिज मिश्रण द्यावं लागतं. गोठ्यासाठी अवजार घ्यायला निघालेल्या माणसाने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

कारण या भागात अवजारं भरपूर दिसतात. आप्पासाहेब पवारांनी १९७१मध्ये उभ्या केलेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं 'कृषिक' प्रदर्शन बारामतीत जानेवारीत भरतं. अशा प्रदर्शनांत दूधकाढणी यंत्रं, रबरी मॅट, गाईंचे फिरते ब्रश, चारा मिसळणारी अजस्र यंत्रं अशी रांगच लागलेली असते. त्यातलं बरंचसं पन्नास-शंभर गाईंच्या गोठ्याचं आहे. पाच गाईंच्या घराने ते जरूर पाहावं, पण खरेदीचा क्रम आपल्या गाईच्या तोंडापासून, खुरांपासून आणि कासेपासून लावावा. माझ्या मते या क्रमात पहिल्या नंबरावर मोटार असलेलं एकही यंत्र येत नाही. तिथे पाणी येतं.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२१मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजना काढली. तिच्यात रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांसाठी पक्का गोठा बांधून मिळतो. त्याचा आराखडा असा: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, आत गव्हाण, २५० लिटरचं मूत्रसंचयाचं टाकं आणि पिण्याच्या पाण्याची २०० लिटरची टाकी. योजना चांगली आहे. फक्त पाण्याचा हिशेब मांडून पाहा. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० लिटर पाणी सहज लागतं, म्हणजे सहा गाईंना ४८० लिटर. टाकी एकदा भरून शेतावर गेलं तर दुपारनंतर ती कोरडी पडते. लिटरभर दुधामागे गाय चार-पाच लिटर पाणी पिते. पाणी तुटलं की दूध तुटतं. म्हणून या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवून वरच्या मोठ्या टाकीशी जोडणं ही गोठ्यातली पहिली यांत्रिक सुधारणा. टाकी सावलीत हवी आणि आतून चुन्याने रंगवलेली हवी.

मुक्त गोठ्याचं खरं बळही इथेच आहे. दावणीची गाय माणूस पाजेल तेव्हा पिते, मोकळी गाय तहान लागेल तेव्हा. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मापाने एका गाईला साडेतीन चौरस मीटर छपराखाली आणि सात चौरस मीटर उघडं आवार पुरतं. भोवती पाइपचं कुंपण, मध्ये एखादं लिंबाचं झाड. ज्यांनी असा गोठा केला त्यांचा साखळदंडाचा, शेण ओढण्याचा आणि बऱ्याच अंशी मॅटचाही खर्च वाचला, कारण मातीच्या आवारात गाय स्वतःच कोरडी जागा शोधून बसते. याच परिसरात माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९पासून काम करते आहे, आणि इथल्या गाईंवरचा सर्वांत मोठा ताण उन्हाचाच आहे. थंड प्रदेशातून आलेलं होल्स्टिनचं रक्त पत्र्याखाली धापा टाकतं. फॉगर आणि पंखा घेण्याआधी छप्पर उंच करावं, झाड लावावं.

गव्हाण बांधताना लोक ती आपल्या सोयीने उंच बांधतात. गाय मात्र चरताना मान खाली घालून खाणारी आहे. मान खाली असली की लाळ जास्त सुटते, आणि पोटातली आंबटी मारणारा सोडा त्या लाळेतच असतो. म्हणून गव्हाणीचा तळ गाईच्या पायापेक्षा जेमतेम चार-सहा इंच उंच ठेवावा आणि आत गुळगुळीत फरशी लावावी. खरबरीत सिमेंट चाऱ्याच्या आंबटपणाने झिजतं, खड्ड्यांत उष्टं कुजतं आणि त्या वासाने गाय तोंड फिरवते.

आता कडबाकुट्टी. हे यंत्र मराठी मुलखात जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३मध्ये लोखंडी नांगर केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या नांगराच्याही आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं होतं. आजच्या कुट्टीचं तत्त्व तेच आहे. तोंडातून चारा आत सारायचा, दोन दातेरी रूळ तो ओढतात, जड चाकावरची पाती तो छाटतात. रूळ हळू फिरले की तुकडा लहान, वेगाने फिरले की मोठा. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा चांगला. पीठच केलं तर गाय रवंथ कमी करते आणि दुधाचं फॅट घसरतं. अख्खा कडबा टाकला तर ती पानं खाते, बुडखे पायाखाली तुडवते.

कुट्टी घेताना दुकानदार मोटारीचे एचपी सांगतो. त्याहून मोलाच्या गोष्टी दोन. पहिली वीज. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यावर चालणारी कुट्टी घेतली तर चारा कापायला रात्री दीडला उठावं लागतं, आणि उठते ती बहुधा घरातली बाई. घरच्या सिंगल-फेजवर चालेल अशी दोन एचपीची कुट्टी पाच गाईंना पुरते. दुसरी गोष्ट हाताची. रूळ चारा ओढतात तसे बोटंही ओढतात, साडीचा पदर आणि बांगडीही. चारा सारायचा पन्हाळ हातभर लांब आणि वरून झाकलेला हवा. रूळ उलटे फिरवणारा दांडा उभ्या माणसाच्या हाताशी किंवा गुडघ्याशी हवा, यंत्राच्या पलीकडे नव्हे. पट्ट्यावर आणि चाकावर जाळी हवी. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून कुट्टीला अनुदान मिळतं, पण अनुदानाच्या यादीत आहे म्हणून झाकण नसलेलं यंत्र उचलू नये. बोटं तुटलेली माणसं प्रत्येक मोठ्या गावात भेटतात, आणि मला या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. चार पत्र्यांचं आणि एका दांड्याचं काम आहे हो ते.

कुट्टीचा आणखी एक धोका गाईच्या वाट्याला येतो. पेंढीत अडकलेली तार, खिळा चाऱ्याबरोबर छाटला जातो. गाय चारा निवडत बसत नाही, गिळते. तो तुकडा जाळीपोटात जाऊन बसतो आणि पुढेच असलेल्या हृदयाच्या आवरणाला भोसकतो. कुट्टीच्या तोंडाशी एक जाड लोहचुंबक बसवला तर बरंच लोखंड तिथेच अडतं.

मुरघासाचं गणितही लहान गोठ्याला वेगळं लागतं. मका दाण्यात चीक भरल्यावर कापायचा, कुट्टी करून दाबायचा, हवा बंद करायची आणि ४५ दिवसांनी उघडायचा. २०१८च्या दुष्काळात ज्यांच्याकडे तो होता त्यांना दिलासा मिळाला. पण खड्डा उघडल्यावर त्याच्या तोंडावरचा काही इंचांचा थर रोज उचलावा लागतो, नाहीतर हवा लागून मुरघास तापतो आणि बुरशी धरतो. पाच गाई दिवसाला शंभर किलोच्या आसपास मुरघास खातात. एवढ्यासाठी मोठा खड्डा किंवा टनाची बॅग उघडली तर इंदापूरच्या एप्रिलात शेवटचे दिवस खराब मालाचे. पन्नास-साठ किलोच्या बॅगा बऱ्या: रोज दोन उघडायच्या, संपवायच्या. कापणीचं ट्रॅक्टरचलित यंत्र मात्र भाड्यानेच आणावं. वर्षातून दोन दिवस चालणारं यंत्र दारात उभं करून त्याचे हप्ते दुधातून फेडणं परवडत नाही.

दूधकाढणी यंत्राबद्दल माझं मत सावध आहे. पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो, त्यात काम उरकायला यंत्राची मदत होते आणि मनगटं वाचतात, हे खरं. पण यंत्राचा जीव सडाला लागणाऱ्या रबरी लायनरमध्ये आहे. तो साधारण अडीच हजार वेळा दूध काढल्यावर बदलायचा असतो. एका युनिटवर सहा गाई दोन वेळा काढल्या तर दिवसाला बारा वेळा, म्हणजे सात महिन्यांत रबर संपलं. पुढे ते वरून ठीक दिसतं, पण आतल्या बारीक भेगांत दूध साचतं आणि एका गाईचा कासदाह दुसरीला जातो. ज्या घरात रोज दोनदा गरम पाण्याने नळ्या धुणारं माणूस नाही, त्या घराने हात स्वच्छ धुऊन मुठीने दूध काढावं. शिवाय पहाटे पाचला वीज नसेल तर काय, याचं उत्तर यंत्र घेण्याआधीच हवं.

उरला खोडा. लोखंडी पाइपांची ही साधी चौकट, सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, मागे-पुढे आडवा दांडा. रेतन, गाभण तपासणी, खुरं कापणं, सलाईन लावणं, सगळं यात होतं. तरी लहान गोठ्यांत तो क्वचितच दिसतो. १९६७पासून उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने संकरीकरणाचा मोठा पल्ला गाठला आणि साडेतीनशे-चारशे किलोची गाय लहान शेतकऱ्याच्या दारात आली, पण तिला धरायची पद्धत खिलारीच्या काळातलीच राहिली: दोघांनी म्होरकी ओढायची, एकाने शेपूट पिरगाळायची. वासरपणीच शिंगकळ्या जाळलेल्या असल्यामुळे धरायला शिंगंही नाहीत. २०२२च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत लसीकरणासाठी दारोदार फिरणाऱ्या डॉक्टरांनी आणि घरच्या बायांनी किती लाथा खाल्ल्या असतील.

गाय अडून बसते त्याला कारणं असतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या टेंपल ग्रँडिन यांनी हयातभर हेच शोधलं: जमिनीवरची सावली, लोंबणारी साखळी, अंधारातून एकदम उजेड, एवढ्याने जनावर थबकतं. त्याच्या बरोब्बर मागे उभा राहिलेला माणूस त्याला दिसत नाही, म्हणून ते दचकतं. हे आपल्या खोड्यालाही लागू आहे. तो सलग सावलीत किंवा सलग उजेडात बसवावा, तळाला खरबरीत काँक्रीट करावं, मागचा दांडा एका झटक्यात निघेल असा ठेवावा, म्हणजे गाय आत बसली तरी तिला सोडवता येते. आणि एरवीही रोज-दोन रोजांनी तिला त्यातून चालवत नेऊन पलीकडे मूठभर पेंड द्यावी. सुईच्या दिवशीच खोडा पाहिलेली गाय दुसऱ्यांदा आत शिरत नाही.

हा खोडा प्रत्येक दारात असण्याची गरजही नाही. दहा घरांच्या वस्तीला एक पुरतो. दोन्ही तालुक्यांत जिथे वस्ती तिथे दूध संकलन केंद्र आहे आणि तिथे फॅट मोजायचं यंत्र आहे. दुधाच्या बिलातून लिटरमागे काही पैसे वर्षभर बाजूला काढले तर त्याच आवारात खोडा उभा राहील. संघांनी आणि खासगी डेअऱ्यांनी येत्या हंगामात हे काम हाती घ्यावं. मार्चच्या आत खोडे बसले तर पावसाळ्यापूर्वीची लाळ्या-खुरकुताची लस त्यातच टोचता येईल.