मोटरसायकल मिलिटरीची आहे का? आधी नंबर वाचा, मग रंग द्या

नांदेड-लातूरकडच्या जुन्या वाड्यात, गोठ्याच्या कडेला नाहीतर कडब्यामागे एखादी जड, गंजलेली मोटरसायकल पडलेली असते. घरात तिला ‘मिलिटरीची गाडी’ म्हणतात. कुणी सांगतं सासऱ्यांनी लिलावात घेतली, कुणी सांगतं पोलीस ॲक्शनच्या वेळची आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ती भंगारवाल्याकडे जाते, नाहीतर मुलगा हौसेनं घासूनपुसून हिरवीगार करून आणतो. आम्हाला विचाराल तर दोन्हींत नुकसान सारखंच. गाडी कुठली, कधीची, हे सांगणाऱ्या खुणा दोन्ही वेळा जातात.

दुसऱ्या महायुद्धात वायरलेस सगळीकडे पोचत नसे, तेव्हा लष्कराचा निरोप मोटरसायकलवरून जाई. असा निरोप नेणाऱ्याला डिस्पॅच रायडर म्हणत. ब्रिटिश फौजेकडे त्यासाठी बीएसए एम-20, नॉर्टन 16-एच, मॅचलेस, एरियल, रॉयल एनफिल्ड अशा गाड्या होत्या. एनफिल्डची एक 125 सीसीची हलकी गाडी तर विमानातून पॅराशूटनं खाली सोडत. युद्ध संपल्यावर जादा झालेला माल विकला गेला आणि त्यातल्या कितीतरी गाड्या साध्या माणसांच्या हाती आल्या.

पोलीस ॲक्शन झाली 13 ते 17 सप्टेंबर 1948. भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा या वाटेनं आली, म्हणजे आपल्या अगदी शेजारून. त्यामुळे घरात सांगतात ते खोटंच असेल असं नाही. पण आपल्याकडे ‘मिलिटरीची’ म्हणून दाखवतात त्यातली बरीचशी बुलेट निघते. आपल्या लष्करानं 1950 नंतर बुलेट घेतल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली. ती बुलेट लष्करातली असू शकते, पण महायुद्धातली नसते.

हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. गाडीच्या मागे जाऊन बसा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी शॉकअप असतील तर ती बुलेट किंवा नंतरची गाडी. एम-20 आणि 16-एच यांना मागे शॉकअप नसतात. चाक थेट सांगाड्याला, आणि धक्का खायला सीटखालच्या स्प्रिंगा. (कंबरेचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.) पुढेही आजच्यासारखे गोल नळीचे शॉकअप नसतात. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि हँडलच्या पुढे एक जाड स्प्रिंग असते. मॅचलेसच्या जी-3-एलला मात्र युद्धातच पुढे नळीचे शॉकअप आले होते, तेवढा अपवाद धरा.

मग नंबर शोधा. एक इंजिनवर ठोकलेला असतो, दुसरा सांगाड्यावर, बहुधा हँडलखालच्या मानेवर. मातीचं तेल लावून कापडानं पुसा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका, कारण घासलेला आकडा परत येत नाही. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसा. युद्धातल्या एम-20 च्या नंबराआधी डब्ल्यू एम 20 अशी अक्षरं असतात. बीएसए कारखान्याच्या जुन्या वह्या इंग्लंडच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबनं जपल्या आहेत. नंबर हाती असेल तर गाडी कारखान्यातून कधी निघाली याची चौकशी करता येते.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा रंग कुणीही देतं, आणि युद्धातल्या सगळ्या गाड्या हिरव्या नव्हत्या. तपकिरी होत्या, वाळूच्या रंगाच्याही होत्या. टाकीच्या एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळू घासा, जुने थर एकाखाली एक दिसतात. ब्रिटिश फौजेच्या मोटरसायकलच्या टाकीवर इंग्रजी सी अक्षर आणि पुढे आकडे रंगवलेले असत. वर तोंड केलेला बाणही लष्कराची खूण. असं काही दिसलं तर तिथंच थांबा आणि फोटो काढा.

आता कागद, आणि हे काम बायकांचंच, कारण ट्रंकेची किल्ली आपल्याकडे असते. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. म्हणून जुनी पावती वाचता आली नाही तरी चुलीत घालू नका. नांदेड, उदगीर, लातूर कुठंही उर्दू वाचणारे गुरुजी भेटतात. तारीख फसलीत असेल, जमिनीच्या जुन्या कागदांत असते तशी. तिच्यात 590 मिळवा, साधारण इसवी सन निघतो: फसली 1357 म्हणजे 1947-48. लातूरकरांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. जिल्हा 16 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, त्याआधीच्या कागदावर उस्मानाबाद असेल. सासूबाई हयात असतील तर गाडी कुणी आणली, कोणत्या गावाहून, हे आजच लिहून घ्या.

इतकं झाल्यावर मिस्त्रीला बोलवा. पहिल्याच दिवशी किक मारू देऊ नका. आत पिस्टन धरून बसलेला असतो. प्लग काढून त्या भोकातून तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग हातानं हळू फिरवायचं. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा.

मूळ भाग जपायला सरकारी कारणही आहे. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. आधीच नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोज बाजाराला नाही. सांगाडा किंवा इंजिन बरंच बदललं असेल तर ही नोंद अडते.

आणि गाडी पतीच्या नावावर असून ते गेले असतील, तर नियमानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून नाव बदलायचं असतं. मुदत कधीच उलटली असली तरी विकण्याआधी एकदा कार्यालयात विचारा. नाव न बदलता, नुसत्या तोंडी व्यवहारावर गाडी कुणालाही उचलून देऊ नका.