कियांती आणि तोस्कानाचे भोजन : एका साहचर्याची मीमांसा

मांसाबरोबर तांबडे द्राक्षमद्य घ्यावे, हा युरोपीय भोजनव्यवहारातील संकेत सर्वश्रुत आहे. परंतु संकेत म्हणजे उपपत्ती नव्हे. या साहचर्याच्या मुळाशी पदार्थांचे गुणधर्म आहेत की केवळ सवय आहे, याचा विचार करावयाचा तर इटलीतील कियांती या मद्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

कियांती हा तोस्काना प्रांतातील, फ्लॉरेन्स व सिएना या नगरांमधील डोंगराळ मुलूख. तिसरा कोझिमो दे मेदिची याने १७१६ मध्ये राजाज्ञेने ज्या चार मद्यक्षेत्रांच्या सीमा निश्चित केल्या, त्यांत कियांतीचा समावेश होता. सांजोवेझे ही येथील प्रमुख द्राक्षजात. तिच्या मद्यात दोन गुण ठळकपणे आढळतात : भरपूर आम्लता आणि टॅनिन द्रव्यांमुळे येणारा तुरटपणा.

टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते. त्यामुळे लाळेचा ओलसर गुळगुळीतपणा उणावतो व जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. मद्याबरोबर मांस वा चीज खाल्ले असता टॅनिनचा काही अंश त्या अन्नातील प्रथिनांशी व मेदाशी संलग्न होतो आणि तुरटपणा तेवढ्या प्रमाणात सौम्य भासतो. निखाऱ्यावर भाजलेली, आतून कच्चट ठेवलेली गोमांसाची जाड 'बिस्तेक्का' किंवा मेंढीच्या दुधाचे 'पेकोरिनो' चीज यांच्याशी कियांतीचा मेळ बसतो, तो या कारणाने. आम्लतेचे कार्य निराळे. तिच्यामुळे लाळ सुटते आणि टोमॅटोसारख्या आंबट पदार्थासमोर मद्य फिके पडत नाही.

येथवर रसायनशास्त्राने निर्वाह होतो. परंतु तेथील शेतकऱ्याच्या ताटात मांस क्वचितच असे. शिळा बिनमिठाचा पाव, पांढरा घेवडा व पालेभाजी एकत्र शिजवून पुन्हा उकळलेली 'रिबोल्लिता' हे त्याचे अन्न. त्यात मांसाच्या मानाने प्रथिने व मेद बेताचेच. मग अशा अन्नाबरोबर तुरट मद्य कसे रुचावे? याचे उत्तर बेत्तिनो रिकासोली यांच्या १८७२ च्या एका पत्रात सापडते. इटलीचे पंतप्रधानपद भूषविलेल्या या जमीनदाराने ब्रोलियो येथील आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष असा सांगितला : सांजोवेझेने मद्यास गंध व जोम येतो, कानायोलोने उग्रता निवते, आणि माल्वाझिया या पांढऱ्या द्राक्षाने ते हलके होऊन नित्याच्या भोजनास योग्य बनते, साठवणीच्या मद्यात मात्र माल्वाझिया वगळणे इष्ट. म्हणजे येथे मद्यास अनुरूप अन्न शोधण्याऐवजी अन्नास अनुरूप मद्यच घडविले जात होते.

पुढे हा विवेक नियमांत लोपला. १९६७ च्या नियमावलीने कियांतीत पांढऱ्या द्राक्षांचे मिश्रण सक्तीचे केले. साठवणीचे मद्यही त्यातून सुटले नाही. कालांतराने प्रवाह उलटला. मूळ क्षेत्रातील 'कियांती क्लासिको' मद्यात २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे निषिद्ध झाली. त्यात सांजोवेझे किमान ८० टक्के असावे लागते. इतर कियांतीत मात्र पांढऱ्या द्राक्षांचा अल्प अंश आजही चालतो.

तेव्हा रिबोल्लिता आणि क्लासिको ही जोडी आज परंपरागत म्हणून पुढे केली जाते, तेव्हा नाव जुने असले तरी पेल्यातील मद्य जुने नसते. म्हणून कियांतीला कोणते अन्न शोभते, हा प्रश्न विचारण्यापूर्वी अभ्यासकाने कोणती कियांती, कोणत्या काळातील आणि कोणाच्या ताटाशेजारची, हे निश्चित करून घ्यावे. चवीचे गुणधर्म रसायनशास्त्र सांगेल; परंपरेचे वय मात्र इतिहासालाच विचारावे लागेल.