शेतघरापूर्वी जागेची पारख

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेल व खोपोली यांच्या दरम्यान चौक हे गाव आहे. पाठीशी इर्शाळगड व सभोवती भातखाचरे असलेल्या या परिसरात शेतावर एखादे निवांत घर असावे, अशी इच्छा शेतकऱ्यालाही होते व शहरवासीयालाही होते. परंतु घराचे स्वास्थ्य प्रथम जागेवर अवलंबून असते, नंतर बांधणीवर.

दिनांक 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली व अनेक कुटुंबे गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणून केवळ यादीवर विसंबून न राहता प्रत्येकाने आपली जागा स्वतः पारखली पाहिजे.

जागेची निवड

घर बांधण्यापूर्वी एक पावसाळा त्या जागेवर पाणी कसे वाहते, ते पाहावे. तीव्र उताराचा पायथा व ओहोळाचा काठ टाळावा. भातखाचरापेक्षा उंच, परंतु डोंगरापासून दूर असलेली सौम्य उताराची वरकस जमीन उत्तम होय. घरासाठी उतार उभा तासू नये; त्यामुळे वरच्या मातीचा आधार जातो व पुढे टाकलेला भराव खचतो. उतारावरील कारवी व बांबू तोडू नयेत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात.

बांधणी

जोते काळ्या दगडाचे व किमान दोन फूट उंच असावे. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूस पडवी ठेवावी व छपराची वळचण भिंतीपुढे तीन फूट काढावी. उतरत्या कौलारू छपराखाली घर उन्हाळ्यातही सुसह्य राहते.

100 चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर पाऊस पडल्यास 3 लाख लिटर पाणी जमते. पागोळ्यांखाली दगडी नाली बांधून हे पाणी ओहोळात किंवा तळ्यात न्यावे. उतारावर मोकळे सोडू नये.

जमिनीस नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच माणसे व गुरे त्वरित हलवावीत आणि तहसील कचेरीस कळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चिन्हे पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाडीत समजावून सांगावीत. ज्या घरात मुसळधार पावसाच्या रात्रीही निर्धास्त झोप लागते, तेच खरे निवांत घर होय.