स्वप्नातलं कॉलेज आणि पहिला पगार

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की गावोगावी एक बैठक बसते. तिला नोटीस नसते, अध्यक्ष नसतो. ती घराच्या ओसरीवर बसते.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावातलं असंच एक घर डोळ्यांसमोर आणा. चार एकर जमीन, त्यात सोयाबीन. मुलगी हुशार, गुण चांगले. तिच्या हातात पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक आहे. इंजिनिअरिंगची फी वर्षाला अडीच लाख. राहणं-जेवण वेगळं. मुलगी म्हणते, "पप्पा, बँक कर्ज देते. नोकरी लागली की मीच फेडीन." वडील माहितीपत्रक उलटंसुलटं करून बघतात आणि खाली ठेवतात. नाही म्हणावं तर लेकीचं मन मोडतं. हो म्हणावं तर दहा लाख हा आकडा त्यांनी आजवर जमिनीच्या भावातच ऐकलेला असतो.

घर मी मनानं रचलेलं आहे. प्रश्न मात्र खरा आहे, आणि आज त्याच प्रश्नाचा हिशेब आपण मांडून बघू.

आपल्या बीड जिल्ह्यात 'उचल' या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून आधी रक्कम उचलतं आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतं. अजून न केलेल्या कामाचे पैसे आज घ्यायचे, हा त्याचा अर्थ. शैक्षणिक कर्जही याच जातीचं आहे. त्याला कायदा आहे, कागद आहे, व्याजाचा दर लिहिलेला आहे, त्यामुळे ते उचलीपेक्षा कितीतरी बरं. पण मूळ गोष्ट तीच: मुलीच्या उद्याच्या कमाईतून आपण आज पैसे काढतो. म्हणून कॉलेज किती मोठं, याच्याबरोबरच उद्याची कमाई किती, हेही विचारायला हवं.

आता आकडे घेऊ. वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे दहा लाख. व्याज समजा १० टक्के. बँका सहसा शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता मागत नाहीत. पण हप्ता थांबतो म्हणून व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं, आणि असंच पुढे. सरळ व्याजानं ही बेरीज साडेतीन लाख होते. म्हणजे हप्ते सुरू होतात त्या दिवशी कर्ज दहा लाखांचं नसतं, साडेतेरा लाखांचं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण एकूण भरणा २६ लाखांवर जातो.

आता मुलीचा पहिला पगार समजा २५ हजार आहे. शहरात खोली, मेस, बस यांत दहा-बारा हजार सहज जातात. उरलेल्या तेरा-चौदा हजारांतून पावणेअठरा हजारांचा हप्ता कसा निघणार? तो निघत नाही. मग तो गावाकडून, सोयाबीनच्या पट्टीतून जातो. पाऊस दगा देतो त्या वर्षी तिथूनही जात नाही.

हेच कर्ज चार लाखांचं असतं, तर वरच्याच हिशेबानं दहा वर्षांचा हप्ता सात हजारांच्या आसपास आला असता. ओढाताण झाली असती, पण मुलीनं तो स्वतः भरला असता. कर्ज वाईट की चांगलं, याचं उत्तर म्हणूनच 'किती' या शब्दात आहे.

कागदावर सही कोण करतं, तेही बघा. शैक्षणिक कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर मुलीबरोबर वडिलांचीही पत खराब होते. पुढे ते पीककर्जाला बँकेत गेले, तर हे थकलेलं कर्ज तिथं आडवं येऊ शकतं. दुसरं असं की, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. आणि शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू होत नसल्यानं अनेक बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. मग काही घरं उरलेली रक्कम सावकाराकडून उभी करतात किंवा एखादा एकर विकतात. बँकेच्या कर्जाची मुदत कधीतरी संपते. विकलेला एकर परत येत नाही.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग गरिबाच्या लेकरानं स्वप्नच बघू नये का? जरूर बघावं. कर्जाची मदत घेऊन परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेला एक विद्यार्थी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते शिकले कसे, हे मात्र आपण नीट बघत नाही.

१९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, ते कर्ज काढून नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. तिलाही अट होती: परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. पुढे १९१६ साली ते लंडनला दाखल झाले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून बचत केली. १९२० साली ती बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज, एवढ्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

या हकिगतीत कर्ज आहे, पण ते सगळ्यांत शेवटी आहे. आधी शिष्यवृत्ती, मग नोकरी, मग बचत, मग मदत, आणि कमी पडलं तेवढंच कर्ज. ते घेताना काय शिकायचं, हे नक्की ठरलेलं होतं. शिक्षणात तीन वर्षांचा खंड पडला, पण स्वप्न सुटलं नाही. आपण नेमका हा क्रम उलटा करतो. आधी कर्ज काढतो आणि शिष्यवृत्तीची चौकशी नंतर करतो.

म्हणून वडगावच्या त्या मुलीला मी सांगेन, आधी चौकशी कर. राज्य सरकारनं २०२४ साली एक निर्णय घेतला. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस या प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फी-माफीच्या योजना आधीपासून आहेत. पण मुलींच्या माफीला एक अट आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही नाही. म्हणजे त्या माहितीपत्रकातल्या विद्यापीठात जाताना ही मुलगी दहा लाखांचं कर्ज तर घेतेच, शिवाय हातात आलेली माफीही सोडून देते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालापासून उभं आहे. तिथं किंवा तशाच एखाद्या ठिकाणी कॅपमधून जागा मिळत असेल, तर पुण्याच्या नावासाठी आपण नेमके किती पैसे जास्त मोजतो आहोत, ते पाटीवर लिहून बघा.

आणि त्या जास्तीच्या पैशांत काय मिळतं, ते कॉलेजलाच विचारा. माहितीपत्रकावर ज्याचा फोटो असतो, त्याचा पगार विचारू नका. तो शंभरातला एक असतो. 'मधला' पगार विचारा. सगळ्या नोकरी लागलेल्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं केलं, तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाचा पगार. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा आणि किती जणांना नोकरी लागली, हे दोन्ही द्यावं लागतं. आकडा सांगायला जे कॉलेज टाळाटाळ करतं, त्याचं उत्तर आपल्याला मिळालेलं असतं.

काही वेळा कर्ज घेणंच शहाणपणाचं असतं. मुलाला आयआयटी, एनआयटी किंवा तशा नामांकित संस्थेत गुणांवर जागा मिळाली असेल आणि तिथला मधला पगार हप्त्याच्या चार-पाच पट असेल, तर केवळ कर्जाच्या भीतीनं ती जागा सोडू नये. अशा निवडक संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण आणि जामीनदार लागत नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, व्याजात तीन टक्के सवलत आहे. कॉलेज त्या यादीत आहे का, हा बँकेत विचारायचा पहिला प्रश्न.

स्वप्नाकडे जायला दुसरी वाटही आहे. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वर्षं तेवढीच लागतात, पदवीची एका वर्षाची फी वाचते. किंवा पदवी जवळच्या कॉलेजातून घ्यायची आणि गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला मोठ्या संस्थेत जायचं. तिथं पात्र विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मोठं नाव शेवटच्या पदवीवर आलं तरी चालतं. बाबासाहेबांनीही पहिली पदवी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून घेतली होती.

एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांसाठी. मुलाच्या शिक्षणासाठी एकर विकायला तयार होणारं घर मुलीच्या वेळी 'एवढं कर्ज कशाला, उद्या तिचं लग्नच करायचंय' असं म्हणतं. हा हिशेब नाही, ही पळवाट आहे. हिशेब मुलासाठी आणि मुलीसाठी एकाच पाटीवर मांडा. महाग कॉलेज नको म्हणायचं असेल, तर दुसरं कॉलेज कोणतं, हे त्याच बैठकीत ठरवून उठा. नुसत्या 'नको'वर बैठक मोडली, तर मुलीचं शिक्षण तिथंच थांबतं.

शेवटी एकच कसोटी सांगतो. जो हप्ता मुलीच्या पहिल्या साध्या पगारातून निघतो, ते कर्ज घ्यावं. जो हप्ता फक्त माहितीपत्रकातल्या पगारातून निघतो, ते घेऊ नये. शिक्षण माणसाला नको ती नोकरी नाकारण्याचं बळ देतं. पहिल्याच महिन्यात पावणेअठरा हजारांच्या हप्त्यानं ते बळ काढून घेतलं, तर आपण लेकीला शिकवूनही पुन्हा उचलीवरच पाठवलं, असं होईल.

तेव्हा आज संध्याकाळी ओसरीवर बसाल, तेव्हा माहितीपत्रकाच्या शेजारी एक कोरी वही ठेवा. आकडे मुलीलाच लिहू द्या. जिला फेडायचं आहे, तिच्या हातचा हिशेब सहसा चुकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)