कडाक्याची थंडी आणि घरची खिडकी

परभणी म्हटलें कीं डोळ्यांपुढें येतो तो वैशाखवणवा. काळी भेगाळलेली जमीन आणि 45 अंशांपर्यंत चढणारा पारा. तेंच परभणी 2018 सालच्या डिसेंबरअखेर 2 अंशांपर्यंत गारठलें होतें, हें पुष्कळांना सांगूनहि खरें वाटत नाहीं. कारण मात्र साधें आहे. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता उघड्या आकाशांत सोडून देते आणि त्यांतच उत्तरेचा वारा सुटला कीं पहांटेस हुडहुडी भरते. अशा पहांटे घराचें सर्वांत दुबळें अंग ठरतें तें खिडकी.

जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. मातीच्या जाड भिंती, लहान झरोके, लांकडी झडपा आणि उजेडापुरतें छतांत साणें. घर अंधारें खरें, पण ऊब धरून ठेवणारें. सिमेंटच्या घरांनीं उजेड आणला आणि त्याबरोबर रुंद कांचाहि आणल्या.

उष्णता निसटते ती प्रथम फटींतून. चार फूट बाय तीन फुटांच्या खिडकीभोंवतीं अवघी दीड मिलिमीटर फट राहिली, तर तिचें एकंदर क्षेत्रफळ आठ सेंटिमीटर चौरस भोंकाएवढें भरतें. भिंतीला असें भोंक कोणी उघडें ठेवील काय? सरकत्या झडपांना फट अधिक राहते. बिजागरीवर फिरून चौकटीवर घट्ट बसणारी झडप त्या मानानें पुष्कळ चांगली. फटींत रबराची पट्टी बसविण्यास खर्चहि थोडाच येतो.

दुसरी वाट कांचेची. बाहेर 2 अंश आणि खोलींत 18 अंश असतां तेवढ्याच खिडकीच्या एकेरी कांचेंतून सुमारें 100 वॅट उष्णता अखंड बाहेर जाते. दोन कांचांमध्यें बोटभर हवा कोंडून ठेवली तर ही हानि जवळजवळ निम्म्यावर येते. यांतील मर्म कांचेच्या जाडीत नाहीं, स्थिर हवेंत आहे. कांचेपेक्षां ती उष्णता सुमारें चाळीसपट कमी वाहून नेते. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनीं अशा जोडकांचेचें पेटंट 1865 सालींच घेतलें होतें. पुढें हवेऐवजीं अॅर्गॉन वायु भरण्याची आणि कांचेवर रुप्याचा अतिशय पातळ थर देण्याची युक्ति निघाली. हा थर खोलीची ऊब परत खोलींतच लोटतो. चौकट मात्र विसरूं नये. नुसत्या ॲल्युमिनियमची चौकट लांकडापेक्षां हजारपटीनें अधिक उष्णता वाहते.

लडाखांतील फे या गांवीं सेक्मोल संस्थेच्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून बांधल्या आहेत. दिवसाचें ऊन कांचेवाटे आंत येतें, मातीच्या जाड भिंतींत सांठतें, आणि बाहेर पाणी गोठत असतां आंत माणसें शेगडीवांचून राहतात.

हाच नमुना परभणींत जसाच्या तसा उचलणें मात्र वेडेपणाचें होईल. जी कांच हिवाळ्यांत ऊन आंत घेते, तीच मे महिन्यांत घराची भट्टी करते. येथें दिशा आणि छज्जा हींच खरीं साधनें. डिसेंबरांत भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें 47 अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी तिच्या खालच्या अर्ध्या भागांतून ऊन खोलींत येतें. मेच्या मध्यास सूर्य अगदीं माथ्यावर येतो, तेव्हां तीच खिडकी सावलींत राहते. पश्चिमेचें ऊन तिरपें, तें छज्ज्यास दाद देत नाहीं. त्या बाजूची खिडकी लहान असावी, तिला बाहेरून लांकडी झडप असावी, आणि उन्हाळ्यांत वाळ्याचा पडदा.

जोडकांचेचा खर्च सर्वच खिडक्यांना करण्याचें कारण नाहीं. म्हाताऱ्या माणसांची किंवा बाळंतिणीची खोली प्रथम धरावी. इतरत्र घट्ट झडप आणि रात्रीं जाड पडदा पुरे.

मात्र फटी बुजविलेल्या खोलींत कोळशाची शेगडी रात्रभर ठेवणें जिवावर बेतणारें आहे. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्याला जाग येण्यापूर्वींच तो घात करतो. निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर काढून ठेवावी, खिडकी कांहीं वेळ सताड उघडावी, आणि मगच झडप लावावी.