अ‍ॅप शिकायला पुस्तक घेताय? आधी साल बघा

वडवणीत राहूनच मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकायचंय आणि सुरुवात पुस्तकापासून करायचीय? उत्तम. पण पैसे देण्याआधी पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा आणि आवृत्तीचं साल बघा.

कारण सांगतो. 2019 मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेला पहिलं प्राधान्य दिलं. 2021 मध्ये जेटपॅक कंपोज आलं आणि स्क्रीन बनवायची पद्धतच बदलली. त्यामुळे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून कुणी 2015 चं जुनं पुस्तक निम्म्या किमतीत आणून दिलं, तरी ते महागच पडतं. त्यातली चित्रं तुमच्या स्क्रीनशी जुळत नाहीत. मग ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं वाटून पोरं शिकणंच सोडतात. दोष पुस्तकाच्या वयाचा असतो, तुमचा नाही.

नाव तेच असलं, तरी आतला मजकूर बदललेला असतो. ‘हेड फर्स्ट अँड्रॉइड डेव्हलपमेंट’ची 2015 ची पहिली आवृत्ती जावा भाषेत आहे, 2021 ची तिसरी कोटलिनमध्ये. घ्यायची तर तिसरी. भाषा सोपी, चित्रं भरपूर. कोडिंग कधीच केलं नसेल, तर आधी गुगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा मोफत ऑनलाइन कोर्स सुरू करा, पुस्तक नंतर घ्या.

आयफोनचं पुस्तक सध्या नको. त्यासाठी मॅक लागतो, शिवाय अ‍ॅपलच्या स्टोअरला वर्षाला 99 डॉलर. गुगल प्लेची नोंदणी फी 25 डॉलर, तीही एकदाच.

आता दुसरी कसोटी: तुमच्या कामाचं प्रकरण पुस्तकात आहे का? आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, किती फिटली, हा हिशोब ऊसतोड मुकादम वहीत ठेवतो. त्याचं अ‍ॅप करायचं, तर फडात रेंज नसतानाही ते चाललं पाहिजे. म्हणजे माहिती फोनमध्येच साठवायला शिकायला हवं. अनुक्रमणिकेत ‘रूम डेटाबेस’ हे प्रकरण शोधा. नसेल, तर पुस्तक खाली ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा. एखाद्या ओळखीच्या मुकादमाची किंवा दुकानदाराची वही बघा आणि तिच्यातले रकाने कागदावर उतरवून घ्या. तेच तुमचं पहिलं अ‍ॅप. पुस्तक त्या कागदाकडे बघून निवडा, आणि एकच घ्या.